बिनमाणसाच्या विमानाची माणसं

शेतात औषध फवारणारा ड्रोन विकायला येणारे लोक दोन गोष्टी छातीठोकपणे सांगतात. एक, याला जागा लागत नाही. दोन, याला माणसं लागत नाहीत. पहिल्या गोष्टीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला, आणि त्याची १३७० मीटरची धावपट्टी वाढून १९३० मीटर होईपर्यंत कितीतरी पालकमंत्री खर्ची पडले. दहा लिटरची टाकी पोटाशी बांधलेला सहा पंख्यांचा ड्रोन मात्र एका गुंठ्यात, म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फुटांत उठतो आणि तिथंच पुन्हा बसतो. तो गुंठाही सपाट हवा असं नाही. गाडीवाटेवर एक रिकामं पोतं अंथरलं की झाला विमानतळ, उद्घाटनासह. आखूड जागेत उडण्याउतरण्याचं हे कसब कुणीतरी करवीर, कागल, हातकणंगले आणि शिरोळ हे तालुके डोळ्यांपुढे ठेवूनच बेतलं असावं. तीन पिढ्यांच्या वाटण्या होऊन जमिनीचे जे तुकडे इथं उरलेत, त्यांत दुसरं कुठलंही विमान उतरवलं तर त्याचं नाक आपल्या रानात आणि शेपूट चुलत्याच्या उसात राहील, आणि मग ते विमान कुणाचं यावर दावा लागेल. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. तेव्हापासून कायदाही आहे आणि तुकडेही पडत आहेत. तेव्हा जागेचा दावा मान्य. माणसांचा दावा मात्र मुळीच मान्य करण्यासारखा नाही. उलट, बिनमाणसाच्या विमानाइतकी माणसं खाणारं दुसरं यंत्र या जिल्ह्यात अजून आलेलं नाही, आणि हे विधान ऊसतोडणीचं मशीन जमेस धरून केलेलं आहे.

आधी सरकारी हिशेब घेऊ, कारण तो कागदावर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रानं ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गट, १,२६१ कोटी रुपये, आणि प्रत्येक गटाला ड्रोनच्या खर्चाच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाखांची मदत. गटातल्या एका ताईला १५ दिवसांचं प्रशिक्षण: ५ दिवस उडवण्याचं, १० दिवस खतं आणि औषधांचं. शिवाय गटातल्या किंवा घरातल्या आणखी एकाला, ज्याला वायरी आणि स्क्रू यांत रस आहे अशाला, मदतनीसाचं शिक्षण. म्हणजे ज्या विमानात एकही माणूस बसत नाही त्याच्यासाठी जमिनीवर दोन माणसं सरकारनंच नेमून दिली. पाठीवरच्या पंपाला एक पुरत होता. पुढची भरती बॅटरी करते. भरली टाकी घेऊन उडालेला ड्रोन साधारण एकरभर रान उरकतो आणि आठ-दहा मिनिटांत दम लागून खाली येतो. म्हणून बॅटऱ्यांचे चार-पाच जोड लागतात, ते भरायला जनरेटर लागतो, जनरेटर आणायला छोटा टेम्पो लागतो आणि टेम्पोला ड्रायव्हर लागतो, जो टेम्पो लावून झाल्यावर दिवसभर विमानाबद्दल बोलतो. औषध कालवायला एक, पाणी गाळून भरायला एक. यातला औषध कालवणारा नियमाप्रमाणे मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून असतो. प्रत्यक्षात त्याच्या तोंडाला टॉवेल असतो आणि औषध ढवळायला उसाचं कांडकं. उडवणाऱ्याला केंद्राच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी दहावी पास असावं लागतं. त्याच नियमांत दोन ते पंचवीस किलोंचा एक गट आहे. तालमीतला पैलवान कुस्तीच्या आदल्या रात्री उपाशी झोपून वजनगटात बसतो, तसे दहा लिटरचे बहुतेक ड्रोन भरल्या टाकीनिशी पंचवीसच्या जेमतेम आत बसवलेले असतात. वजन ड्रोनचं मोजतात हे एका अर्थी बरंच आहे. त्याच्याबरोबर आलेल्या मंडळींचं मोजलं तर गट बदलावा लागेल.

ही झाली कामाची माणसं. बाकीची नियमामुळे येतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या कृषी खात्यानं ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. तिचा आशय असा की फवारणीची आसपासच्या लोकांना आधी कल्पना द्यावी, आणि कामाशी संबंध नसलेली माणसं आणि जनावरं त्या जागी येऊ देऊ नयेत. हे लिहिणाऱ्यानं कोल्हापूरकडचं गाव पाहिलेलं नसावं. ‘गुरुवारी सकाळी आठ वाजता ओढ्याकडच्या रानात कुणी येऊ नका’ असं गावात कळवणं, याला इकडं आमंत्रण म्हणतात. पत्रिका छापल्या असत्या तर कदाचित थोडी माणसं गाळली गेली असती. पावणेआठला बांधावर रिटायर गुरुजी, सोसायटीचे माजी चेअरमन, दूध घालून परत निघालेले चार जण आणि शाळा बुडवलेली सगळी पोरं हजर असतात. जनावरं मात्र येत नाहीत. त्यांना कळवलेलं नसतं. गुरुजी येताच पहिला प्रश्न टाकतात, “उंची किती ठेवलीय?” ताई म्हणतात, “पिकाच्या वर दोन-अडीच मीटर.” “जास्त होतीय.” “कशावरून गुरुजी?” “वाटतंय.” चेअरमनांचा आक्षेप पाण्यावर असतो. पाठीवरच्या पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं आणि ड्रोन दहा लिटरमध्ये एकर उरकतो. “दहा लिटरात एकर? आमची म्हस एका दमात ह्याच्या तिप्पट पाणी पितीया.” थेंब बारीक असतात, पंख्यांच्या वाऱ्यानं पानाच्या खालपर्यंत जातात, असं ताई समजावून सांगतात. चेअरमन मान हलवतात, आणि मग शेजारच्याला हळूच म्हणतात, “थेंबच दिसंना झालाय मर्दा, पडतंय काय नाय देव जाणे.” मग खात्री करायला एक पोरगं उसात सोडलं जातं. ज्या उसात माणसानं शिरायला नको म्हणून आठ-दहा लाखांचं यंत्र आणलं, त्या उसात ते यंत्र चालू असताना माणूस शिरतो तो असा.

इथवरची गर्दी हौशी आहे. खरी गर्दी सुरू होते ती चार कोपरे टिपताना. ड्रोन आपण होऊन फवारतो हे खरं, पण त्याआधी त्याला रानाची हद्द सांगावी लागते. पडद्यावरच्या नकाशात कोपऱ्यांवर बोट ठेवा किंवा यंत्र हातात घेऊन बांधावरनं फिरा. दोन्ही रीतींत एक ठाम समजूत आहे की रानाला कोपरे असतात आणि ते कुठं आहेत हे ठरलेलं असतं. ही समजूत ज्या देशात तयार झाली तिथं भाऊबंदकी नसावी. आपल्याकडं बांध ही एक हलती वस्तू आहे. दर पावसाळ्यात ती नांगराच्या एका तासाएवढी सरकते, कुणाच्या बाजूनं ते ज्याच्या बैलांना किंवा ट्रॅक्टरला लवकर जाग येते त्यावर अवलंबून. सातबारावर क्षेत्र असतं, कोपरा नसतो. ताई नकाशावर दक्षिणेचा कोपरा टिपतात न टिपतात तोच थोरला विचारतो, “त्यो कोपरा कुणी सांगितला?” धाकटा म्हणतो, “मी.” “आणि तुला?” “आबांनी.” “आबांनी मला येगळा सांगितलाय.” दोघांचे आबा एकच, आणि ते तसबिरीत. उपग्रहावरून दोन-तीन मीटर इकडंतिकडं होऊ शकतं असं मदतनीस समजुतीच्या सुरात सांगायला जातो आणि सगळं बिघडवतो. कारण आजवर बांध कोरणाऱ्याला निदान फावडं लागत होतं. आता वरूनच कुणीतरी दोन-तीन मीटर इकडंतिकडं करतंय आणि त्याला सरकारची मान्यता आहे, असा त्याचा अर्थ निघतो. मग सरकारी मोजणीचा जुना नकाशा आणायला कुणीतरी मोटरसायकलवर सुटतं. चुलते येतात, वाटणीच्या वेळी हजर असलेले पंच येतात, पुण्याला नोकरी करणारा मधला व्हिडिओ कॉलवर येतो आणि त्याला प्रत्येकानं आपापली बाजू दाखवायची असल्यानं फोन बांधावरून गोल फिरतो. एवढं सगळं होऊन कोपरा ठरला तरी थोरला शेवटची अट घालतो: “माझ्या बाजूला एक थेंब आला तर बघ.” वारा त्याच्याच बाजूला असतो. तासाभरानं तोच विचारतो, “आलंच हाय इथवर, तर माझ्या दोन सऱ्या मारायला काय घेशील?”

यावर शहाणी माणसं एक आक्षेप घेतात. बघे म्हणजे काही विमानाची माणसं नव्हेत. ती नसती तरी विमान उडालंच असतं, तेव्हा त्यांना हिशेबात कशाला धरायचं? आक्षेप ऐकायला बिनतोड आहे. पण ड्रोन उडवणाऱ्याची नजर सारखी ड्रोनवर आणि पडद्यावर असते. रानातून गेलेली विजेची तार, मधेच उगवलेलं शेवग्याचं झाड, पलीकडच्या पट्टीत वैरण कापत बसलेली म्हातारी, हे सगळं बघायचं कुणी? परदेशात यासाठी पगारी निरीक्षक उभा करतात. आपल्याकडं “तार हाय, तार! वर घ्या, वर!” हे एकाच वेळी अकरा जण ओरडतात, आणि त्यातले दहा चुकीच्या दिशेला बोट दाखवत असले तरी अकरावा बरोबर असतो. या सेवेचं मोल लावलं तर फवारणीचा दर दुप्पट होईल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ड्रोन आला तोच मुळी मजूर मिळेनात म्हणून. सहा महिन्यांच्या आडसाली उसात पंप पाठीवर घेऊन शिरणं ही शिक्षा आहे. पानांच्या कडा कापतात, कुसळं अंगभर टोचतात, औषध वरून आपल्याच डोक्यावर येतं, आणि त्यासाठी माणूस शोधायला मालकाला गावभर हिंडावं लागतं. हे सगळं शंभर टक्के खरं. पण मग प्रश्न पडतो की त्याच गावात, त्याच दिवशी, त्याच रानाच्या बांधावर ही तीस-चाळीस माणसं आली कुठून? मजुरी देऊन एक मिळत नाही आणि फुकट बघायला गाव लोटतं. गावात माणसांचा तुटवडा आहे असं कृषी खातं म्हणतं ते अर्धंच आहे. तुटवडा पाठीवर पंप घेणाऱ्यांचा आहे. पाठीमागे हात बांधून उभं राहणाऱ्यांचा साठा मुबलक आहे, आणि त्याला कामाला लावणारं पहिलं यंत्र म्हणून ड्रोनची नोंद व्हायला हवी. प्रस्तुत लेखकालाही या साठ्यातून वगळण्याचं कारण नाही. ड्रोनच्या एका स्क्रूलाही हात न लावता त्याबद्दल एवढं लांबलचक मत बाळगणं, हे बांधावर उभं राहण्याचंच घरबसल्या रूप आहे.

कोल्हापूरची माणसंच तशी, असं म्हणून कुणी सुटका करून घेऊ नये. अमेरिकेचं प्रीडेटर हे बिनमाणसाचं लढाऊ विमान चोवीस तास आकाशात ठेवायला दीडशेहून जास्त माणसं लागत, असे आकडे तिथल्याच वर्तमानपत्रांत आलेले आहेत. त्याआधीच्या दोन माणसांच्या विमानाला इतका गोतावळा लागत नसेल. १८४९ मध्ये ऑस्ट्रियानं व्हेनिसवर बाँब बांधलेले बिनमाणसाचे फुगे सोडले, तर वारा फिरला आणि काही फुगे सोडणाऱ्यांकडंच परत आले. तेव्हा तिथंही बघ्यांना पळापळीचं काम लागलंच असणार. आपल्या मराठी मुलखाचा पराक्रम तर याहून मोठा आहे. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर बिनमाणसाचं विमान उडवलं, ते दीड हजार फूट चढून खाली आलं आणि हे पाहायला न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते, असं सांगितलं जातं. विमान उडाल्याचा विश्वासार्ह पुरावा कुणाला सापडलेला नाही. ज्या ग्रंथाशी या विद्येचा संबंध जोडतात त्यातली विमानं उडूच शकणार नाहीत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये दिला. पण या सगळ्या कथेत बारकाईनं पाहिलं तर विमानाचा तपशील दर पिढीत बदलतो, बघ्यांची यादी बदलत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात त्याची पुढची आवृत्ती निघाली. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत रात्री गावावर ड्रोन फिरतात अशी हूल उठली आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन रात्रभर जागली. विषय विधिमंडळापर्यंत गेला. ड्रोन कुणाचे, कशासाठी, होते की नव्हते, यावर मतं अनेक. गस्त मात्र खरी होती. म्हणजे विमानात माणूस नसला तर चालतं, आणि एकंदर अनुभव असा की विमान नसलं तरी चालतं. माणसं लागतातच.

राहिला भविष्याचा आक्षेप. तंत्रज्ञान सुधारतंय, पुढं सगळं आपोआप होईल, असं म्हणणारे तरुण उत्साही असतात आणि त्यांचा हिरमोड करू नये. नव्या मुंबईत आयआयटीच्या मुलांनी काढलेली आयडियाफोर्ज नावाची कंपनी एक छोटं विमान बनवते. ते उभं हवेत चढतं आणि मग पंखांवर आडवं पडून विमानासारखं दोन तास फिरतं. धावपट्टी नको, गोफण नको, छत्री नको. जानेवारी २०२१ मध्ये लष्करानं ते मागवलं. लडाखच्या एखाद्या कड्यावर, जिथं पोतं अंथरायलाही जागा नाही, तिथं ते शोभेल यात शंका नाही. तिथं बघायला येणाऱ्याला आधी पंधरा हजार फूट चढावं लागतं, म्हणून गर्दीचा प्रश्नही आपोआप सुटतो. कोल्हापुरात तो सुटणार नाही. कारखान्यांवरचे वजनकाटे इलेक्ट्रॉनिक झाले तेव्हाही असंच सांगत होते की आता वाद संपले, आकडा लाल अक्षरांत दिसतो, कुणी उभं राहायची गरज नाही. आज ऊस आधी बाहेरच्या खासगी काट्यावर वजन करून मग कारखान्यात नेणारे आहेत, त्यांच्याबरोबर साक्षीला जाणारे आहेत, आणि दोन आकडे जुळले तर खासगी काटाही मिळालेला आहे असं म्हणणारे आहेत. यंत्र जितकं हुशार, तितकी त्याच्यावर नजर ठेवायला माणसं जास्त. तेव्हा उद्या ड्रोन स्वतः पेटीतून निघून, स्वतः टाकी भरून, स्वतः फवारून परत आला, तर त्या पेटीभोवती किती खुर्च्या लागतील याचा विचार ग्रामपंचायतीनं आत्ताच करावा.

आणि अजून टॉवर उरलाच आहे. ड्रोनच्या नियमांत आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे आहेत. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत कुणाला न विचारता उडवा. चालू विमानतळाच्या कुंपणापासून पाच ते आठ किलोमीटरच्या टापूत मात्र पिवळा पट्टा. तिथं उडवायचं तर विमानतळाच्या टॉवरमधल्या वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. म्हणजे त्या टापूतल्या गावांच्या उसावर दोन मीटर उंचीवरून युरिया मारायचा तरी बंगळूर-हैदराबादची विमानं सांभाळणाऱ्या माणसाला विचारायला हवं. अशा ठिकाणी सकाळी सगळं मांडून होतं, बॅटऱ्या भरलेल्या, औषध कालवलेलं, चारी कोपरे तात्पुरते मान्य, बांध माणसांनी काळा झालेला, आणि ड्रोन पोत्यावर बसून राहतो. वरून प्रवासी विमान उतरायला येतं. सगळे माना वर करून ते जाईपर्यंत बघतात, चाकं जरा लवकर बाहेर काढली असं टेम्पोवाल्याचं मत पडतं. मग मालकाचा धीर सुटतो. “काय झालंय ताई, उडवा की.” “परवानगी यायचीय काका.” “कुणाची?” “टॉवरची.” काका क्षणभर चारी बाजूंना नजर टाकतात, गावातले तिन्ही मोबाइलचे टॉवर मनातल्या मनात मोजतात आणि खिशातून फोन काढतात. “कुठला टॉवर, ते तेवढं सांगा. ज्याच्या रानात हाय त्यो आपला पावणाच असंल.”